गीतापाठ आणि काव्याची अंगे

एका गृहस्थाच्या घरी ऐन विशीतला मुलगा अल्पशा दुखण्याने गेला. सुतकाचे दिवस होते. समाचाराला येणाऱ्या मंडळींमध्ये एक वयोवृद्ध सज्जनही आले. गीतेचा नित्यपाठ करणारे, सात्त्विक वृत्तीचे आणि त्या घराविषयी मनापासून आपलेपणा बाळगणारे असे ते गृहस्थ होते. थोडा वेळ स्तब्ध बसून त्यांनी द्वितीय अध्यायातील बाविसावा श्लोक शुद्ध उच्चारांत म्हटला आणि त्याचा अर्थही सांगितला : मनुष्य जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसाच देही जुने शरीर टाकून नवे घेतो, तेव्हा शोक कसला करावयाचा? मुलाची आई माजघराच्या दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पण त्याचं वस्त्र जुनं कुठं झालं होतं?" आणि आत निघून गेली. वृद्ध सज्जन निरुत्तर झाले. त्या घरात रोज सकाळी गीतेचा एक अध्याय वाचला जात असे. त्या दिवसानंतर कित्येक महिने पोथीचे बासन सुटले नाही.

हा प्रसंग कोणाही गृहस्थाच्या घरी घडण्याजोगा आहे, म्हणून तो दृष्टांतादाखल घेतला. येथे दोष कोणाचा? श्लोकाचा तर नव्हेच. सांगणाऱ्याच्या हेतूतही खोट नव्हती आणि आईचा प्रश्न तर अगदी सरळ होता. श्लोकातील शब्द त्या सज्जनांना पाठ होते, शब्दांचा अर्थही ठाऊक होता. एवढ्याने श्लोक कळला असे होत नाही, कारण श्लोक हे काव्य आहे. काव्याचा अर्थ शब्दाबरोबरच वृत्तात, उपमेत, ध्वनीत, रसात आणि कोण कोणास कोणत्या वेळी बोलत आहे यातही असतो. या अंगांची ओळख नसलेला पाठक पुण्यवान असेल, श्रद्धावानही असेल. तरी भगवंतांचा शब्द दुसऱ्याच्या हाती देताना त्याच्याकडून अशी इजा होऊ शकते.

यावर कोणी शंका घेतील की, गीता हे शास्त्र आहे, उपनिषदांचे सार आहे. तिच्यात काव्य कसले शोधावयाचे? अलंकार आणि वृत्ते हा राजसभेतील रसिकांचा विषय. मुमुक्षूला त्याचे काय प्रयोजन? ही शंका वरवर सात्त्विक दिसते, परंतु तिला जुन्या आचार्यांचा आधार नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेले आनंदवर्धन हे 'ध्वन्यालोक' ग्रंथाचे कर्ते. महाभारताला त्यांनी शास्त्र मानले आहे आणि काव्यही मानले आहे. पुरुषार्थांत मोक्ष आणि रसांत शांत ही त्या ग्रंथाची परम तात्पर्ये होत, असा त्यांचा सिद्धांत आहे. ज्यांनी 'ध्वन्यालोका'वर 'लोचन' ही टीका लिहिली त्याच अभिनवगुप्तांनी गीतेवर 'गीतार्थसंग्रह' लिहिला. काव्यशास्त्र आणि मोक्षशास्त्र यांच्यामध्ये भिंत घालण्याची कल्पना त्या थोर पुरुषांच्या मनाला शिवली नव्हती. ती आपल्याकडे अलीकडेच आली आणि तिला कारण बहुधा आपला आळस असावा.

प्रथम वृत्ताचा विचार करू. गीतेचे सातशे श्लोक. त्यांपैकी सहाशे पंचेचाळीस अनुष्टुभात आहेत आणि पंचावन्न त्रिष्टुभ् जातीच्या मोठ्या वृत्तांत. अनुष्टुभाचे चरण चार, प्रत्येक चरणात आठ अक्षरे, म्हणजे सबंध श्लोकाची अक्षरे बत्तीस. सामान्य नियम असा की, प्रत्येक चरणातील पाचवे अक्षर लघू व सहावे गुरू असावे. सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणांत गुरू, तर दुसऱ्या-चौथ्या चरणांत लघू असावे. आर्ष काव्यात विषम चरणांना थोडी मोकळीक असते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू आणि दीर्घ स्वराचे गुरू. ऱ्हस्वापुढे अनुस्वार, विसर्ग किंवा जोडाक्षर आले तर तेही गुरूच. म्हणून 'धर्म' या शब्दातील 'ध' गुरू होतो. एवढे समजले की घरातील दहा-बारा वर्षांचे मूलही बोटांवर चरण मोजू शकते.

हे मोजणे वरकरणी पोरखेळ वाटेल. पण पाठशुद्धीचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या जिभेला शब्दाच्या अंतीचा अकार गिळण्याची सवय आहे. 'भारत' हा शब्द आपण व्यवहारात 'भारत्' असाच उच्चारतो. गीतेत मात्र ते अर्जुनाचे संबोधन आहे आणि त्याची अक्षरे पुरी तीन आहेत. संबोधन चरणाच्या शेवटी आले आणि अकार गिळला गेला की आठाची सात अक्षरे होतात आणि श्लोक लंगडतो. दाक्षिणात्य पाठकांकडून ही चूक सहसा होत नाही, हे येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. उलट 'ज्ञान' शब्दाच्या उच्चारावरून ठिकठिकाणी जे वाद होतात त्यांत वृत्ताच्या दृष्टीने काही अर्थ नाही. महाराष्ट्रीय 'द्न्य' म्हणोत, काशीकर 'ग्य' म्हणोत, जोडाक्षर ते जोडाक्षरच. त्यामागील ऱ्हस्व अक्षर सर्वत्र सारखेच गुरू होते. एका सभेत निरनिराळ्या प्रांतांतले शंभर लोक गीता म्हणतात तेव्हा उच्चार भिन्न असूनही सर्वांची पावले बरोबर पडतात, याचे श्रेय वृत्ताला आहे.

अक्षराच्या चुकीने अर्थ किती फिरतो याचे एक उदाहरण सर्वांच्या पाठातलेच आहे. कर्मयोगाचा जो प्रसिद्ध श्लोक, द्वितीय अध्यायातील सत्तेचाळिसावा, त्याचे शेवटचे पद 'अकर्मणि' असे आहे. संधीमुळे त्यातील आरंभीचा 'अ' मागील अक्षरात विलीन झाला आहे. पाठक तेथे घाईने पद तोडून 'कर्मणि' एवढेच वेगळे म्हणू लागला, तर 'अकर्माची ओढ तुला नसावी' या उपदेशाऐवजी 'कर्माची ओढ तुला नसावी' असा अगदी उलटा उपदेश कानावर पडतो. ज्या श्लोकाने कामाला लावायचे तोच श्लोक एका अकाराच्या हानीने घरी बसवतो.

परंतु वृत्ताचे खरे काम अक्षरे मोजून देण्यापुरते नाही. गीतेतील वृत्त कोठे पालटते ते पाहावे. द्वितीय अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला खडसावतात आणि अर्जुन उत्तर देऊ लागतो. पहिला श्लोक नेहमीच्या अनुष्टुभात आहे. मग गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे हा विचार त्याच्या तोंडून येतो आणि आठ अक्षरांचा चरण त्याला पुरेनासा होतो. पुढचे चार श्लोक अकरा-अकरा अक्षरांच्या चरणांचे आहेत. अर्जुनाने 'मी तुमचा शिष्य आहे, मला शिकवा' असे म्हटले ते याच लांब श्वासात. त्यानंतर तो गप्प बसला हे सांगताना संजय पुन्हा लहान वृत्तावर येतो.

अकराव्या अध्यायात हेच अधिक भव्य प्रमाणावर घडते. हजार सूर्य एकदम उगवल्याची सुप्रसिद्ध कल्पना संजयाची आहे आणि ती अनुष्टुभातच आहे. कारण संजय ही हकिकत दुसऱ्याला सांगत आहे. जेव्हा प्रत्यक्ष पाहणारा बोलू लागतो तेव्हा, म्हणजे पंधराव्या श्लोकापासून, वृत्त मोठे होते आणि सलग छत्तीस श्लोक मोठेच राहते. त्या छत्तिसांत अर्जुन स्तुती करतो, भितो, 'आपण कोण' असे विचारतो आणि शेवटी क्षमा मागतो. सखा समजून चेष्टेत हाका मारल्या, खेळताना, निजताना, बसताना, जेवताना मान राखला नाही, हे सारे त्याला त्या क्षणी आठवते. विश्वरूपापुढे उभ्या असलेल्या मनुष्याला पंगतीतली थट्टा आठवावी, याहून खरे मानवी चित्र दुसरे कोणते असेल? पुढे भगवंत सौम्य रूप धारण करतात. एक्कावन्नाव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की, हे मानुष रूप पाहून मी आता भानावर आलो, प्रकृतिस्थ झालो. आणि हे म्हणताना तो आठ अक्षरांच्या चरणात परतलेला असतो. अर्जुनाचा श्वास ताळ्यावर आला हे शब्दांच्या आधी वृत्त सांगते. जो पाठक सगळे श्लोक एकाच चालीत, एकाच वेगाने उरकतो, त्याच्या कानांना हे कधीच ऐकू येत नाही.

मोठे वृत्त आले की भावनेचा पूर आलाच, असा नियम मात्र करू नये. आठव्या, नवव्या आणि पंधराव्या अध्यायांतही असे श्लोक आहेत आणि तेथे कित्येकदा उपनिषदांचा गंभीर सूर ऐकू येतो. महाराष्ट्रीय घरांत भोजनापूर्वी पंधरावा अध्याय म्हणण्याची चाल आहे. त्यातल्या दुसऱ्या श्लोकापासून चाल बदलावी लागते हे मुलांना सवयीने ठाऊक असते. ती का बदलते हे मात्र घरातील वडीलमाणसे क्वचितच सांगतात.

भाषांतरात सर्वांत आधी हरवते ते हेच. गद्य अर्थ स्पष्ट असतो, पण अर्जुनाचा श्वास त्यात उतरत नाही. म्हणूनच मराठीत सतराव्या शतकात वामन पंडितांनी समश्लोकी गीता रचली आणि १९३०-३१ साली विनोबांनी 'गीताई' श्लोकास श्लोक अशीच ठेवली. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये निराळा मार्ग घेतला. त्यांनी श्लोकाचे माप सोडले, ओवीचे माप स्वीकारले आणि जे माप सोडले त्याची भरपाई उपमांच्या वैभवाने केली. दोन्ही मार्ग थोर आहेत. पोथीच्या पानावर श्लोकाखाली जो बारीक टाइपातला गद्य अर्थ असतो त्यावरच भिस्त ठेवणे, हा तिसरा मार्ग मात्र अपुरा आहे.

आता शब्दाच्या शक्तीकडे वळू. शास्त्रकारांनी त्या तीन सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ देते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही असे दिसताच त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. आणि याही पलीकडचे जे मनात उमटते ती व्यंजना. संस्कृत पाठशाळांत यासाठी गंगेवरील गवळ्यांच्या वस्तीचे उदाहरण देतात. प्रवाहावर वस्ती राहू शकत नाही, म्हणून 'गंगेवर' याचा अर्थ 'गंगेच्या तीरावर' असा घ्यावा लागतो. आणि तीर न म्हणता गंगा म्हटल्यामुळे त्या वस्तीचा थंडावा व पावित्र्य सुचते. पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. घरातले माणूस गेल्यावर मराठी स्त्री म्हणते, "घर खायला उठतं." घराला दात नसतात हे तिला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. कोणीही तिला तर्काने खोडून काढीत नाही. लक्षणा आणि व्यंजना ही नावे न शिकताच आपण हे दोन्ही व्यापार दिवसभर करीत असतो. नवल हे की, पोथी उघडली की तेवढ्यापुरते हे शहाणपण आपण बाजूला ठेवतो.

द्वितीय अध्यायातील एकोणसत्तरावा श्लोक घ्यावा. सर्व भूतांची जी रात्र तिच्यात संयमी जागा असतो, आणि भूते जेव्हा जागी असतात ती तत्त्वदर्शी मुनीची रात्र होय, असा त्याचा सरळ अर्थ. हा अर्थ अक्षरशः घेऊन निजणे सोडणारे भाविक आढळतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आसनावर बसून राहावे, दिवसा कचेरीत डुलक्या घ्याव्यात, घरच्यांवर चिडावे आणि याला संयम म्हणावे, असा प्रकार होतो. आनंदवर्धनांनी नेमका हाच श्लोक ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतला आहे. ते म्हणतात की, येथे रात्रही विवक्षित नाही आणि जागरणही नाही. मुनी तत्त्वज्ञानाविषयी सावध असतो आणि अतत्त्वाकडे पाठ फिरवतो एवढेच येथे सांगावयाचे आहे. ज्यात सरळ अर्थ सर्वस्वी बाजूला सारला जातो अशा ध्वनिप्रकारात त्यांनी त्याला बसवले. आणि ज्याला काश्मीरी आचार्यांचे म्हणणे पटत नसेल, त्याने चार अध्याय पुढे जावे. सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात, फार निजणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही, असे भगवंत अगदी साध्या शब्दांत सांगतात. ती अभिधा आहे. तेथे शब्द जसे आहेत तसेच घ्यावयाचे. कोठे शब्द धरावा आणि कोठे शब्दाचे बोट सोडून पुढे जावे हे ओळखता न आल्यामुळे माणसे प्रकृती बिघडवून घेतात आणि दोष योगाला देतात.

उपमेची चार अंगे सर्वांनी शाळेत वाचलेली असतात : ज्याला उपमा द्यावयाची ते उपमेय, जिची द्यावयाची ते उपमान, दोहोंत सारखा असलेला साधारण धर्म, आणि 'जसे-तसे', 'प्रमाणे' यांसारखा वाचक शब्द. यांतले तिसरे अंग हा उपमेचा प्राण होय. दोन वस्तू एका बाबतीत सारख्या आहेत, एवढेच उपमा सांगते. सर्व बाबतींत सारख्या आहेत असे ती कधीच म्हणत नाही. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून ते पंधरा दिवसांनी नाहीसे होत नाही.

गीतेतील उपमा एकेकट्या वाचण्यापेक्षा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर अधिक बोलतात. वाऱ्याचेच उदाहरण पाहावे. द्वितीय अध्यायात सांगितले आहे की, भटकणाऱ्या इंद्रियांमागे मन गेले म्हणजे ते बुद्धीला असे ओढून नेते, जसा वारा पाण्यातील नावेला. सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातल्या दिव्याची उपमा येते; तेथे वारा नाही, म्हणून ज्योत हलत नाही. आणि त्याच अध्यायात थोडे पुढे अर्जुन तक्रार करतो की, मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. शिष्याने गुरूचीच उपमा उचलून गुरूपुढे ठेवली आहे! 'आपण निवाऱ्याची गोष्ट सांगता, पण वारा थांबवायचा कोणी?' असा त्याच्या बोलण्याचा भाव. भगवंत ही उपमा खोडीत नाहीत. मन आवरणे कठीण खरे, असे आधी कबूल करून मगच ते अभ्यास आणि वैराग्य यांचे नाव घेतात. प्रपंचात गुरफटलेल्या गृहस्थाला हा कबुलीचा शब्द फार मोलाचा आहे. तीन ठिकाणचा वारा ज्याने जोडून पाहिला नाही, त्याला ही कबुली ऐकू येते, पण ती कशावरची आहे हे उमगत नाही.

चौथ्या अध्यायात ज्ञान एकदा नौका होते, लगेच अग्नी होते आणि अध्याय संपता संपता तलवार होते. पाप तरून जायचे म्हणून नौका, कर्म भस्म व्हायचे म्हणून अग्नी, संशय छेदायचा म्हणून तलवार. एकाच वस्तूला अशी तीन रूपे देणारा वक्ता श्रोत्याला जणू बजावतो की, यांपैकी कोणत्याही एका रूपाला घट्ट धरून बसू नकोस.

रसाविषयी थोडक्यात सांगता येईल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रसांची चर्चा प्रसिद्ध आहे. शांत हा नववा रस अभिनवगुप्तांनी मोठ्या आग्रहाने प्रतिपादला. गीतेचा आरंभ करुणात आहे, मध्ये अद्भुत आणि भयानक येतात, आणि शेवट शांतात होतो. अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराजांनी शांतरसाला घरधनी आणि अद्भुताला त्याच्याकडे आलेला पाहुणा कल्पिले आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शांतरस म्हणजे करुणाचा निषेध नव्हे. अर्जुनाचे डोळे पाण्याने भरले होते हे संजयाने लपवून ठेवलेले नाही, आणि व्यासांनी महाभारतात एक सबंध पर्व स्त्रियांच्या विलापाला दिले आहे. ज्या काव्याचा अंतिम रस शांत त्याने रडणाऱ्यांचा आवाज दाबलेला नाही.

आता वस्त्राच्या श्लोकाकडे यावे. आईचा प्रश्न होता की, त्याचे वस्त्र जुने कोठे झाले होते? उपमेची अंगे ज्याला ठाऊक आहेत त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते. येथे उपमान आहे वस्त्र पालटणारा मनुष्य, आणि उपमेय आहे देह धारण करणारा देही. वस्त्र पालटले तरी नेसणारा तोच राहतो, हा साधारण धर्म. वस्त्र किती जुने, ते किती दिवस टिकायला हवे होते, हा या उपमेचा विषयच नाही. श्लोक नेसणाऱ्याविषयी बोलतो. आणि वस्त्र टाकणाऱ्याला ते टाकणे सोपे असेल. ज्या हातांनी ते विणले त्या हातांना ते सोपे आहे, असे श्लोकात कोठेही म्हटलेले नाही.

पण एवढे उत्तर त्या दारात उभ्या असलेल्या आईला तेव्हाच सांगावे काय? येथे काव्यशास्त्राचे आणखी एक अंग उपयोगी पडते. अकराव्या शतकातील मम्मटांनी 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थ कशावर अवलंबून असतो ते सांगताना बोलणारा कोण, ज्याला सांगायचे तो कोण, आवाजाचा हेल कसा, प्रसंग कोणता, स्थळ आणि काळ कोणते, हे सारे मोजले आहे. वाक्य तेच राहते. ऐकणारा बदलला की त्यातून निघणारा भाव बदलतो. गीतेतच याची साक्ष आहे. तीच गीता अर्जुनाने कृष्णमुखातून ऐकली आणि धृतराष्ट्राने संजयाच्या तोंडून. एक उठून उभा राहिला; दुसरा ऐकून बसल्या जागी बसला.

मग हा श्लोक कोणाला सांगितला होता? त्याच्या लगेच आधीचा श्लोक पाहावा. आत्मा अविनाशी आहे हे जाणणारा पुरुष कोणाला मारील आणि कोणाला मारवील, असा तेथे प्रश्न आहे. अर्जुनाने धनुष्य खाली टाकले आहे, आणि माझ्या हातून हे मरतील ही त्याची धास्ती आहे. ज्यांच्यासाठी तो शोक करीत होता ते भीष्म, द्रोण आणि सगळे आप्त त्या वेळी जिवंत होते, समोर उभे होते. एकही बाण सुटलेला नव्हता. 'शोक करू नकोस' हे वचन त्या अध्यायात पुनःपुन्हा येते, हे खरे. पण तो शोक कर्तव्यापुढे थबकलेल्या योद्ध्याचा आहे. मुलाला पोचवून आलेल्या घराचा शोक वेगळा, आणि त्या घरात बोलणाऱ्याला हा भेद ठाऊक असला पाहिजे.

गीता सांगणाऱ्यावरच असा प्रसंग आला तेव्हा काय घडले, हे द्रोणपर्वात लिहिलेले आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. संध्याकाळी शिबिरात परतल्यावर अर्जुनाला हे कळले. अवघ्या काही दिवसांपूर्वी ज्याने सातशे श्लोकांचा उपदेश ऐकला होता तो अर्जुन मुलासाठी विलाप करू लागला. 'तू गीता विसरलास काय?' असे श्रीकृष्णांनी त्याला विचारले नाही. पुढे अर्जुनाच्याच सांगण्यावरून ते सुभद्रेकडे गेले. ती त्यांची बहीण, आणि गेलेला मुलगा त्यांचा भाचा. ते तिच्याशी काळाच्या गतीविषयी बोलले, क्षत्रियाला साजेशा मरणाविषयी बोलले. जुन्या वस्त्राची उपमा तेथे येत नाही. त्यांचे बोलणे झाल्यावरही सुभद्रा रडली; मुलाचे रूप, त्याचे वय, त्याची शय्या आठवून आठवून पुष्कळ वेळ रडली, आणि व्यासांनी तो विलाप सगळा लिहून ठेवला. द्रौपदी आणि उत्तरा तिच्याजवळ आल्या आणि त्या सर्व जणी शोकाने भान हरपून पडल्या. तेव्हा स्वतः अत्यंत दुःखी असलेल्या श्रीकृष्णांनी आधी सुभद्रेवर पाणी शिंपडले, तिला सावरले, आणि मग जे बोलायचे ते बोलले.